चौथ्या चरणाची जागा

देवाशी काय बोललो याला महत्त्व, की कुठल्या चालीत बोललो याला? कराडच्या कॉलेजात जन्मभर इंग्रजी शिकवलं आणि एकादशीला कृष्णाकाठच्या भजनात टाळ धरला, त्यामुळे हा प्रश्न मला दोन्हीकडून गाठतो. भाव खरा असला की चाल कुठलीही चालते, असं लोक म्हणतात. मला ते पटत नाही.

टेनिसनचं ‘इन मेमोरियम’ घ्या. जिवलग मित्र आर्थर हॅलम १८३३ मध्ये गेला. १८५० मध्ये ही कविता छापून येईपर्यंत कवी त्या दुःखाशी आणि डळमळलेल्या श्रद्धेशी झुंजत होता. कडवं चार ओळींचं. मधल्या दोघींचं यमक आपसात जुळतं, पहिलीचं थेट चौथीशी. कान पुढे निघतो आणि चौथ्या ओळीला पुन्हा पहिल्याच नादावर येऊन थांबतो. शब्द श्रद्धेकडे सरकतात, यमक त्यांना मागे ओढतं.

आपल्या मोठ्या अभंगात अक्षरं सहा, सहा, सहा आणि चार. यमक इथेही मधल्या दोन चरणांचं, पण चौथा चरण दोन अक्षरांनी तोकडा. छापील पानावर ते उणं वाटतं. भजनात मात्र तिथेच शेवटचं अक्षर लांबतं, पखवाजावर थाप पडते आणि टाळकरी ध्रुपद उचलतात. संशयाने तुकोबांनाही कमी छळलेलं नाही. पण एकट्याची तक्रार तिथे सगळ्या मेळ्याची होते. टेनिसन मात्र चौथ्या ओळीत एकटाच परततो.

रेव्हरंड ना. वा. टिळकांनी हे नेमकं हेरलं. १८९५ मध्ये ते ख्रिस्ती झाले, तेव्हा राज्य व्हिक्टोरियाचंच होतं आणि चर्चमध्ये इंग्रजी चालींवरची मराठी गीतं होती. टिळकांनी ख्रिस्तासाठी अभंग लिहिले, ‘ख्रिस्तायणा’ला ओवी घेतली. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. १९१७ मध्ये त्यांनी इथून जवळच, साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. अभंगात आलेल्या ख्रिस्ताला माउली म्हणता आलं, त्याच्याशी लाडाने भांडता आलं. शिकवण तीच, नातं वेगळं.

हल्ली आमच्याकडे अभंग सिनेमाच्या चालींवर बसवतात. मी कुरकुरलो की पोरं म्हणतात, “सर, शब्द तर तुकोबांचेच आहेत ना?” आहेत. पण चौथ्या चरणानंतर आता कीबोर्ड वाजतो, आणि तो संपेपर्यंत टाळकऱ्यांना काही काम नसतं.