कच्च्या मैद्यावर चॉकलेट चढवू नका

‘बाई, यात अंडं नाही, मग भीती कसली?’ हे वाक्य या वर्गात मला पुन्हा ऐकायचं नाही.

दिवाळीच्या ऑर्डरींसाठी तुम्ही कुकी डोचे गोळे केलेत, चॉकलेटमध्ये बुडवलेत, वर सोनेरी भुरभुर टाकलीत. कृती मी तुमच्याच तोंडून ऐकली. बटर, ब्राउन शुगर, कंडेन्स्ड मिल्क, व्हॅनिला, चॉकलेट चिप्स आणि मैदा. मैदा पिशवीतून काढला, चाळला, मिसळला, संपलं. तो कुठे भाजला नाही, शिजला नाही, उकडला नाही. सगळं लक्ष वरच्या चकाकीवर. आत काय भरलंय याचा विचार एकीनेही केला नाही, एकानेही केला नाही. आणि हे तुम्ही लोकांच्या लहान मुलांच्या हातात ठेवलंत.

मैदा कच्चा असतो. पांढरा, कोरडा, बंद पिशवीतला, म्हणून तो स्वच्छ, असा तुमचा समज आहे. गहू उघड्या शेतात वाढतो. तिथे गुरं फिरतात, पाखरं बसतात, शेणखत पडतं. मळणी होते, पोती भरतात, गिरणीत दळण होतं, कोंडा वेगळा निघतो. या सगळ्या वाटेवर जंतू मारणारी एकही पायरी नाही, कारण घेणारा मैदा भाजणार किंवा तळणार हे गिरणीने धरूनच चाललेलं असतं. ई. कोलाय आणि साल्मोनेला कोरड्या पिठात वाढत नाहीत, पण मरतही नाहीत. महिनोन्‌महिने तग धरतात. तुम्ही फ्रीजरमध्ये ठेवलंत तरी मरत नाहीत. आणि ज्या चॉकलेटमध्ये तुम्ही गोळा बुडवता, ते असतं 31-32 अंशांचं. त्या उबेने कोणता जंतू मरणार आहे?

ही माझ्या मनाची भीती नाही. 2009 साली अमेरिकेत नेस्लेचा ‘टोल हाऊस’ हा तयार कुकी डो बाजारातून परत मागवावा लागला. ई. कोलाय ओ157 जंतूने 30 राज्यांत 70 हून अधिक माणसं आजारी पडली होती. बाधितांमध्ये शाळा-कॉलेजच्या वयाच्या मुली फार होत्या, कारण भाजण्याआधीच चमच्याने डो खायची त्यांना सवय. जंतू नेमका कोणत्या घटकातून आला याचा निर्णायक पुरावा हाती लागला नाही, पण संशय मैद्यावर गेला आणि कंपनीने पुढे उष्णतेची प्रक्रिया केलेला मैदा वापरायला घेतला. 2016 मध्ये मात्र शंकेला जागा उरली नाही. जनरल मिल्स कंपनीच्या पिठामुळे 24 राज्यांत 63 जण आजारी पडले आणि रुग्णांच्या घरून आणलेल्या पिठातच त्या आजाराचा ई. कोलाय सापडला. त्यातली काही मुलं अशी होती, की त्यांनी डो खाल्लाही नव्हता. हॉटेलात जेवण येईपर्यंत खेळायला म्हणून त्यांच्या हातात कच्च्या पिठाचा गोळा दिला होता.

हे ऐकून तरी आपल्या स्वयंपाकघराकडे बघा. पोळ्या लाटताना रडणाऱ्या पोराला कणकेची चिमणी करून देतो आपण. देऊ नका असं मी म्हणत नाही. पण ती तोंडात जाऊ देऊ नका, आणि नंतर हात साबणाने धुवा. कणीक तव्यावर भाजायची असते, म्हणून आपण वाचतो.

‘आत्तापर्यंत कुणाची तक्रार आली नाही’, हे तुमचं दुसरं उत्तर. तक्रार येणार कशी? या ई. कोलायची लक्षणं बहुतेकदा तीन-चार दिवसांनी दिसतात. शनिवारी खाल्लेला गोळा मंगळवारी कुणाच्या लक्षात राहतो? आई म्हणते, बाहेरचं पाणी प्यायला असेल. पोटात कळा, रक्ताचे जुलाब, आणि पाच वर्षांखालचं मूल असेल तर त्या जंतूच्या विषाने मूत्रपिंडं निकामी होण्यापर्यंत मजल जाते. सगळ्यांना होत नाही, दर पिशवीत जंतू नसतो, हे मलाही माहीत आहे. पण तुमच्या हातातली पिशवी कोणती, हे तुम्हाला माहीत नाही. गर्भवती बाई, म्हातारी माणसं, लहान मुलं: दिवाळीचा डबा उघडतं कोण, ते तुम्हीच सांगा.

आता तुमच्यातल्या हुशार मंडळींकडे वळते. मायक्रोवेव्हमध्ये दोन मिनिटं फिरवला, मध्ये थर्मामीटर खुपसला, 74 अंश दिसलं, म्हणून मैदा सुरक्षित झाला, असं तुम्ही कुठल्यातरी रीलमध्ये पाहिलंत आणि वर्गात मान वर करून सांगितलंत. 74 अंशांचा आकडा ओलसर अन्नासाठी आहे, कोंबडीच्या मांसासारख्या. कोरड्या पिठात हेच जंतू कितीतरी जास्त उष्णता सोसतात. पाणी नसलं की ते चिवट होतात. शिवाय मायक्रोवेव्हमध्ये सगळीकडे सारखं तापत नाही. एका कोपऱ्यात मैदा करपतो, दुसऱ्या कोपऱ्यात कोमट राहतो, आणि तुमची सुई एकाच जागी टोचलेली असते. अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन स्पष्ट सांगतं की घरी मैद्यावर असे प्रयोग करू नका. कारखान्यात उष्णता, वेळ, ओलावा मोजून प्रक्रिया होते आणि नंतर तपासणी होते. तुमच्या ओट्यावर यातलं काय होतं?

लगेच कुणीतरी बेसनाच्या लाडवाचं नाव काढणार, म्हणून आधीच सांगते. बेसन आपण तुपात मंद आचेवर अर्धा तास परततो, रंग पालटतो, घरभर वास सुटतो, हात दुखून येतात. त्या भाजण्याशी मायक्रोवेव्हच्या दोन मिनिटांची बरोबरी करणं हा आपल्या आज्यांच्या हाताचा अपमान आहे. मैदाही तसाच खमंग भाजलात तर त्याचा लाडू होईल, कुकी डो होणार नाही. लाडू करायचा तर खुशाल लाडू करा आणि लाडू म्हणून विका.

ज्या पदार्थाची तुम्ही नक्कल करता, त्याची थोडी माहिती तरी करून घ्यायची होती. चॉकलेट चिप कुकी घराघरांत नेली रूथ वेकफील्ड या बाईने. मॅसॅच्युसेट्समधल्या व्हिटमन गावाजवळ ‘टोल हाऊस इन’ नावाचं तिचं खानावळीसारखं हॉटेल होतं, आणि 1930 च्या दशकात तिथे ही कुकी जन्मली. ती गृहविज्ञान शिकलेली होती, आहारतज्ज्ञ म्हणून काम केलेली होती. तिने कुकी भाजली. कच्च्या डोचे गोळे आइस्क्रीममध्ये घालून विकण्याची लाट फार पुढची. बेन अँड जेरीजने तसं आइस्क्रीम डब्यांतून आणलं ते 1991 मध्ये. आज असा खाण्यायोग्य डो विकणारे प्रक्रिया केलेला मैदा वापरतात, अंडं असेल तर पाश्चराइझ्ड वापरतात. त्यांची चव तुम्ही उचललीत, त्यांची काळजी उचलली नाहीत.

मग करायचं काय? वहीत लिहून घ्या, पुन्हा सांगणार नाही. मैद्याऐवजी भाजून झालेलं काहीतरी घ्या. मारी बिस्किटं 200 ग्रॅम, मिक्सरमधून अगदी बारीक. मारी नको असेल तर आपल्या बेकरीतली नानखटाई घ्या; वेलचीचा वास आयता मिळतो, आणि खरं सांगायचं तर चव मारीपेक्षा उजवी लागते, फक्त तिच्यात तूप असतं म्हणून बटर निम्मं करा. मऊ बटर 50 ग्रॅम, चिमूटभर मीठ, व्हॅनिला. कंडेन्स्ड मिल्क एकदम ओतू नका. चमच्याचमच्याने घाला, साधारण 100 ग्रॅम लागेल, गोळा वळता आला की थांबा. साखर घालायची नाही, बिस्किटात आहे. शेवटी चॉकलेट चिप्स. वजनकाट्यावर 15-15 ग्रॅमचे गोळे वळा. डोळ्यांनी अंदाज घेऊन वळता, म्हणून एक गोळा सुपारीएवढा आणि एक लिंबाएवढा दिसतो.

आता चॉकलेट. इथे तर तुम्ही जे केलंत ते बघवत नाही. गोळे फ्रीजरमधून काढून दगडासारखे थंड, तसेच चॉकलेटमध्ये टाकले. वरचा थर क्षणात आवळला, मग आतला गोळा खोलीच्या उबेने फुगायला लागला आणि कवचाला तडे गेले. त्या तड्यांवर सोनेरी पूड टाकून तुम्ही फोटो काढलात. थंड पृष्ठभागावर हवेतली वाफ जमते, पाण्याचे बारीक थेंब साखर विरघळवतात, ते सुकलं की वर खरखरीत पांढरी खपली उरते. मुंबईत, कोकणात पावसाळ्यात हे हमखास होतं. गोळे फ्रीजमध्ये 15-20 मिनिटं घट्ट होण्यापुरते ठेवा, बाहेर काढा, हाताला गार लागेनासे होऊ द्या आणि मगच बुडवा.

खरं चॉकलेट वितळवलं, बुडवलं, झालं, असं होत नाही. कोकोआ बटर गोठताना सहा वेगवेगळ्या प्रकारचे स्फटिक तयार होऊ शकतात. आपल्याला हवा असतो पाचवा; तोच चकाकतो, तोडल्यावर कडक आवाज करतो आणि 34 अंशांच्या आसपास, म्हणजे जिभेवर, वितळतो. तो मिळवण्यासाठी डार्क चॉकलेट 45 ते 50 अंशांपर्यंत वितळवायचं, ढवळत 27-28 पर्यंत उतरवायचं, पुन्हा 31-32 वर आणायचं. मिल्क चॉकलेटचा शेवटचा आकडा 29-30. याला टेम्परिंग म्हणतात आणि ते थर्मामीटरशिवाय शिकाऊ हाताला जमत नाही. तुमच्यातल्या किती जणांकडे थर्मामीटर आहे? केकवरच्या खाण्याच्या फुलांवर हजार रुपये जातात, मापाच्या साधनावर जात नाहीत.

डबल बॉयलरखालचं पाणी खदखदत ठेवू नका. वाफेचा एक थेंब भांड्यात पडला की चॉकलेट दाटून गोळा होतं. मग दूध घालून ते सैल करण्याचा उपद्व्याप करू नका, त्याचं कवच होणार नाही. ते गनाशसाठी बाजूला काढा. भांडं, चमचा, काटा, सगळं कोरडं ठणठणीत हवं. बुडवायला काटा वापरा, भांड्याच्या कडेवर दोनदा आपटा, जादा चॉकलेट ओघळू द्या, तळ कडेवर पुसा आणि मग बटर पेपरवर ठेवा. गोळ्याखाली चॉकलेटचं डबकं साचतं ते हा एक क्षण तुम्ही वाचवता म्हणून.

टेम्परिंग जमत नसेल तर कंपाउंड वापरा, माझी हरकत नाही. त्यात कोकोआ बटरऐवजी दुसरी वनस्पतिजन्य चरबी असते, ते वितळवून सरळ बुडवता येतं, विदर्भाच्या उन्हाळ्यातही बरं टिकतं. पण दोन गोष्टी. एक, कंपाउंड आणि खरं चॉकलेट अर्धं-अर्धं मिसळू नका. दोन्ही चरब्यांचं जमत नाही, कवच मऊ पडतं आणि लवकर पांढुरकं होतं. दुसरी गोष्ट तुमच्या दानतीची आहे. कंपाउंडाच्या लादीवर काम करून डब्यावर ‘प्रीमियम बेल्जियन चॉकलेट’ छापणारी माणसं या वर्गात बसली आहेत. ही फसवणूक आहे. गिऱ्हाईक तुम्हाला दुकानापेक्षा जास्त पैसे देतं, कारण घरचं माणूस खोटं बोलणार नाही असा त्याचा विश्वास असतो.

घरून विकायचं असेल तरी एफएसएसएआयची नोंदणी लागते. ‘ओळखीतच देतो’ ही सबब चालत नाही. डब्यावर घटक लिहा: गहू, दूध, काजू-बदाम असतील तर तेही ठळक. केल्याची तारीख लिहा, किती दिवसांत संपवायचं ते लिहा. बिस्किटांचे हे गोळे फ्रीजमध्ये ठेवून आठवड्याच्या आत संपवायचे, हा माझा नियम आहे आणि माझ्याकडे शिकताय तोवर तुमचाही तोच.

तुमच्या हातात कसब आहे, म्हणूनच एवढं बोलते. ज्याला काही येत नाही त्याच्यावर मी आवाज वाया घालवत नाही. तुमच्यातल्या दोघी-तिघींचं पायपिंग मी बेकरीतल्या जुन्या कारागिरांना दाखवलं आहे, अभिमानाने. ते हात कच्चा मैदा पोरांच्या तोंडात घालणार असतील, तर मी शिकवलेलं सगळं वाया गेलं.

आता वह्या मिटा आणि फोन हातात घ्या. कच्च्या मैद्याचे गोळे ज्यांच्या घरी पोचले आहेत, त्या प्रत्येकाला आज संध्याकाळच्या आत फोन करा. मेसेज नाही, फोन. खाऊ नका, टाकून द्या, असं स्वच्छ शब्दांत सांगा आणि कारणही सांगा. पैसे परत करा. कुणी खाऊन झालं असेल तर पोटात कळा आल्या, जुलाबात रक्त दिसलं तर थांबू नका, डॉक्टरकडे जा आणि काय खाल्लं होतं ते सांगा, हेही बजावा. हे फोन ज्यांनी केले नाहीत, त्यांनी पुढच्या वर्गाला येऊ नये.