उतरायची जागा

आपल्या धाडसाचा हिशेब माणसाने एकट्याने करावा काय? हा प्रश्न मला नदीत पडला नाही, नकाशावर पडला.

धाकटा भाऊ इंग्लंडात हेरेफर्डला असतो. गेल्या हिवाळ्यात तो घरी आला तेव्हा आम्ही वाय नदीतल्या सहा दिवसांच्या होडीप्रवासाचा बेत मांडला. हे, हेरेफर्ड, रॉस, सायमंड्स यॅट, मॉनमथ. रात्री काठावर तंबू. वेल्सच्या डोंगरातून येणारी ही नदी इथवर मोठी शांत होते. सायमंड्स यॅटच्या खळाळापाशी होडी काठाने न्यायची, पाऊस होऊन पाणी चढले तर तंबूतच बसायचे. हे सारे मला मान्य होते.

मॉनमथच्या खाली, बिग्झवीअरच्या पुलाशी त्याने पेन्सिलीची रेघ ओढली. "दादा, इथं उतरायचं."

माझे मन मात्र आणखी खाली, टिंटर्नला जाऊन बसले होते. ११३१ साली स्थापन झालेल्या मठाचे ते भग्नावशेष. १७७० साली विल्यम गिल्पिन याच नदीतून गेला नि १७८२ च्या पुस्तकात त्याने निसर्ग चित्रासारखा पाहायला शिकवले. भिंती अधिक देखण्या पडक्या दिसाव्यात म्हणून हातोडा चालवावा, असेही त्याला वाटले! तो मठ पाण्यातून पाहायचा, ही माझी कॉलेजपासूनची हौस. पण त्या पुलापर्यंत समुद्राची भरती येते. खाली चेपस्टोला पाणी बारा मीटरांहून अधिक चढते-उतरते. ते नवख्यांचे काम नव्हे.

"मी आहे ना!" मी म्हणालो.

तो गप्प राहिला. साठ वर्षांपूर्वी सांगलीच्या घाटावर, कृष्णेच्या चढत्या पाण्यात त्याला उतरवताना मी हेच म्हणालो होतो. एका नावाड्याने त्याला केसांना धरून बाहेर काढले. मी होतोच, काठावर उभा होतो.

स्वतःचा जीव धोक्यात घालण्याचा हक्क माणसाला असेलही. परंतु दोघांच्या होडीत एकट्याचा धोका नसतोच. पुढे बसणाऱ्याला खडक आधी दिसतो, होडी वळवतो तो मागचा. बेत आखणे म्हणजे येणाऱ्या दिवसांवर हुकमत चालवणे, असे मी समजत आलो. सोबत्याच्या भीतीलाही त्यात जागा ठेवायची असते, हे मला फार उशिरा कळले.

मी पेन्सिल घेतली नि त्याची रेघ ठळक केली. टिंटर्न रस्त्याने पाहू. पाण्यातून ते कसे दिसले असते, ही हळहळ राहील. ती मला एकट्याला बाळगता येईल.