बदनामीचं भांडवल

घरातली मुलगी बेपत्ता झाली की आधी पाहुण्यांना फोन जातात, मग मामाच्या गावी माणूस धाडतात. पोलीस ठाण्याची पायरी चढेपर्यंत दोन-तीन दिवस सहज उलटतात. बदनामी नको! बुलढाणा जिल्ह्यातल्या मोताळ्याहून मलकापूरचं रेल्वे स्टेशन जवळ, तिथून मुंबई एका रात्रीची. मुली विकणाऱ्याला हेच दोन-तीन दिवस हवे असतात. अब्रूच्या भीतीपोटी ते आपणच त्याला देतो.

नेपाळची चरिमाया तामांग सोळाव्या वर्षी भारतात विकली गेली. कुंटणखान्यात 22 महिने काढल्यावर 1996च्या फेब्रुवारीत मुंबईतल्या छाप्यांत ती सुटली. दोनशेहून अधिक नेपाळी मुली तेव्हा सुटल्या. पण त्यांना परत घ्यायला त्यांचंच सरकार कचरलं, कागदपत्रं मागू लागलं. अखेर स्वयंसेवी संस्थांनी अनेकींना मायदेशी नेलं. तिथे चरिमायाला तिच्याच माणसांनी दूर लोटलं.

तरीही तिने विकणाऱ्यांविरुद्ध स्वतः फिर्याद दिली. नेपाळात असं करणारी ती पहिलीच. 1997 मध्ये आठ जणांना शिक्षा झाली. तिने आणि तिच्यासारख्याच सुटून आलेल्या मुलींनी उभारलेल्या ‘शक्ती समूह’ला 2013 साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ज्यांना गावाने उंबऱ्याबाहेर ठेवलं, त्याच आता इतर मुलींना सावध करतात, परतलेल्यांना आधार देतात. दलाल बहुधा ओळखीचाच असतो, कामाचं किंवा बिनहुंड्याच्या लग्नाचं आमिष दाखवतो, हे त्यांच्याइतकं कोण जाणणार?

म्हणून प्रत्येकीने चरिमायासारखं उघडपणे पुढे यावं, असा हट्ट मात्र कुणी धरू नये. अशा मुलीची ओळख उघड करायला आपल्या कायद्याने मनाई आहे, ती योग्यच. पण नाव झाकायचं ते तिच्या सुरक्षिततेसाठी. घराण्याच्या इभ्रतीसाठी झाकलं, तर फायदा गुन्हेगाराचा.

हरवलेल्या प्रत्येक बालकाच्या तक्रारीवर गुन्हा नोंदवावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्येच दिला आहे. मुलांच्या मदतीसाठी 1098 हा फोन क्रमांकही आहे. तेव्हा तक्रार त्याच दिवशी द्यावी. आणि मुलगी परत आली, तर शाळेच्या पटावर तिचं नाव पुन्हा चढावं. ‘तिच्याजवळ बसू नकोस’ असं आपल्या लेकीला बजावणारा पालक दलालाचंच उरलेलं काम पुरं करत असतो.