कांद्याचा भाव आणि दोन गरीब

२०२३ सालच्या डिसेंबरात कांदा परदेशी पाठविण्यास सरकारने मनाई केली. त्यानंतर थोड्याच दिवसांनी आमच्या मंडळीतील एक शेतकरी बंधू उपासना आटोपल्यावर मागे थांबला व म्हणाला, "पाळकसाहेब, शहरातल्या गरिबाला स्वस्त खाता यावे म्हणून माझा कांदा अडविला. गरिबावर दया करावी हे तुम्हीच शिकविता. मग मी कुरकूर केली तर ते पाप की काय?" मजजवळ तयार उत्तर नव्हते.

प्रथम हकिकत नीट पाहिली पाहिजे. त्या वर्षी १९ ऑगस्ट रोजी निर्यातीवर शेकडा ४० कर बसला. ऑक्टोबरअखेर, परदेशी विकताना टनामागे ८०० डॉलरांहून कमी भाव घेऊ नये असे ठरले. आणि ८ डिसेंबरपासून दारच बंद झाले. ते उघडले ४ मे २०२४ रोजी, पण कर राहिलाच. तो पुरता उठावयास १ एप्रिल २०२५ उजाडावा लागला. आता उन्हाळ कांदा चाळीत चार-सहा महिने राखता येतो, जरी त्यातलाही बराच सडतो व वाळून वजनाला घटतो. परंतु डिसेंबर ते मार्च ह्या दिवसांत बाजारात येतो तो खरीप व रांगडा कांदा, आणि तो टिकत नाही. म्हणजे ज्याला थांबण्याची सोयच नाही, त्याच्याच तोंडावर दार लोटले गेले. लासलगावच्या बाजारात भरला ट्रॅक्टर घेऊन उभ्या असलेल्या मनुष्यास "उद्या विकीन" असे म्हणणे परवडत नाही.

ह्यामागील हेतू दुष्ट होता असे मी म्हणत नाही. कालवणाच्या जागी भाकरीबरोबर कांदाच फोडतात अशी घरे शहरात आहेत, तशी आपल्या मंडळ्यांतही आहेत. भाव चढला की त्याच सतरंजीवर बसणारा भूमिहीन मजूर कण्हतो, भाव पडला की शेतकरी कण्हतो. दोघेही आपलेच. तथापि दया ही ज्याने त्याने आपल्या पदरची करावयाची असते. भुकेल्यास स्वस्त अन्न देणे हे सर्व समाजाचे कर्तव्य असेल, तर त्याचा खर्चही सर्व समाजाने उचलावा. एकाच्या शेतातून काढून दुसऱ्याच्या ताटात वाढणे, आणि त्यास दया म्हणणे, हे मला न्यायाचे दिसत नाही. शिवाय ह्या रीतीने स्वस्त झालेला कांदा गरिबाच्याच टोपलीत पडतो असेही नाही. हवेलीच्या स्वयंपाकघरातही तो त्याच भावाने जातो. तेथे कोणती दया झाली?

दार उघडले म्हणून नुकसान संपत नाही. २०१९ च्या सप्टेंबरात अशीच बंदी आली, तेव्हा आपले मोठे गिऱ्हाईक जो बांगलादेश, त्याने म्यानमार, मिसर व तुर्कस्तान येथून कांदा मागविला. २०२० च्या सप्टेंबरात पुन्हा बंदी. दोनदा उपाशी ठेवलेले गिऱ्हाईक तिसऱ्या वेळेस दुसरे दुकान पाहून ठेवते, हे गावचा वाणीही सांगेल. बंधन घालणेच असेल तर ते पेरणीपूर्वी जाहीर व्हावे, म्हणजे शेतकरी रोप टाकताना विचार करील.

पण सरकारास दोष देऊन आपण मोकळे होणे प्रामाणिकपणाचे नव्हे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ पर्यंत आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या तेजीत कर्ज सहज मिळे, व लोक ते घेत. युद्ध संपले, भाव कोसळला, सावकारांचे कागद मात्र राहिले. १८७५ साली सुपे येथे दंगा होऊन तेच कागद जाळण्यात आले. तेजीच्या वर्षाचा पैसा लग्नात व मोटारसायकलीत न घालता जुने कर्ज फेडण्यात घालावा, सारे शेत एकाच पिकाला देऊ नये, आणि चार घरांनी मिळून चाळ बांधून एकत्र विकावे, हे आपल्या हातचे आहे.

उपदेशक बंधू येथे योसेफाचे कोठार आठवतील. तो दाखला मीही पुष्कळदा दिला आहे. परंतु त्याचा शेवट आपण बहुधा गाळतो. लोकांनी धान्यासाठी गुरे दिली, शेते दिली, व अखेर ते फारोचे दास झाले (उत्पत्ति ४७). कोठार हवेच, पण त्याची किल्ली कोणाकडे, हेही विचारावे.

मार्चात तो बंधू पुन्हा भेटला, तेव्हा मी त्याला म्हणालो, "तुझी कुरकूर पाप नव्हे, तो न्यायाचा प्रश्न आहे." तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "आणि पुढल्या साली भाव चढला, अन् आणखी चढावा म्हणून मी कांदा चाळीतच ठेवला तर?" मी म्हणालो, "त्या वेळी आपल्या गल्लीतल्या मजुराच्या घरी जाऊन मग मला विचार." तो हसला. "तेव्हा विचारीन," म्हणाला, "आज चाळीवर पत्रे घालायचे आहेत."