पोगरवाडीचे कर्नल

साखरखेर्ड्याच्या रणात १७२४ साली निजामाने मुघल सुभेदार मुबारिज खानाला हरवलं. खान पडला, त्याचं नाव राहिलं. पण साध्या शिपायांची माती कुठे झाली, हे कोण सांगणार? आज सेना आपला माणूस घरापर्यंत आणून पोहोचवते, आणि मला ही फार मोठी गोष्ट वाटते.

असेच घरी आणले गेले सातारा जिल्ह्यातल्या पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक. साताऱ्याच्या सैनिक शाळेत शिकले, पुढे २१ पॅरा या कमांडो तुकडीत गेले, सेना पदक मिळवलं. काश्मीरमधल्या कुपवाड्यात ४१ राष्ट्रीय रायफल्सचं नेतृत्व त्यांच्याकडे होतं. कर्नल असूनही जंगलातल्या शोधमोहिमेत ते स्वतः पुढे असत. १७ नोव्हेंबर २०१५ ला अशाच मोहिमेत त्यांना वीरमरण आलं. पुढे शौर्य चक्र जाहीर झालं.

दोन दिवसांनी पोगरवाडीत अंत्यसंस्कार झाले. लष्करी मानवंदना कधी जवळून पाहिली आहे? शोकशस्त्र म्हणताच जवान बंदुकीची नळी जमिनीकडे करतात, दस्त्यावर हात ठेवून मान खाली घालतात. हवेत फैरी झडतात, बिगुल वाजतो. पार्थिवावरचा तिरंगा घडी करून घरच्यांच्या हाती दिला जातो.

त्यांच्या पत्नी स्वातीताई, दोन मुलांच्या आई. सैन्यात जाण्यासाठी त्यांना वयाची अट शिथिल झाली, परीक्षा मात्र त्यांनीच दिली, चेन्नईचं खडतर प्रशिक्षणही पूर्ण केलं. सप्टेंबर २०१७ मध्ये त्या लेफ्टनंट झाल्या.