जमिनीखालची अमानत

मार्च २०२५ मध्ये बुऱ्हाणपूर जिल्ह्यातील असीरगडाच्या परिसरात गावकऱ्यांच्या झुंडी रात्रीच्या अंधारात शेते उकरत होत्या. 'छावा' हा चित्रपट नुकताच झळकला होता आणि शेतातल्या मातीत मोगलांची सोन्याची नाणी असल्याची वावडी उठली होती. हातात बॅटऱ्या, कुदळी, चाळण्या. काहींजवळ मेटल डिटेक्टरही होते. मोगलांचे नाव नको, पण मोगलांची मोहर हवी, असा हा मामला होता. पोलिसांना धावावे लागले.

हे खानदेशाच्या वेशीवर घडले म्हणून आम्ही शहापूर-मुरबाडकडच्या लोकांनी निवांत राहावे असे नाही. शहापूरच्या माहुली गडावर १६३६ साली शहाजीराजांना वेढा पडला आणि निजामशाहीचा शेवट झाला. मुरबाडच्या वैशाखरे गावावरून नाणेघाटाची वाट चढते. सातवाहनांच्या काळापासून कल्याणचा माल याच वाटेने जुन्नरला जात असे. अशा मुलखात पुरलेल्या हंड्यांच्या गोष्टी असायच्याच. गुप्तधनाच्या नादी लागून माणसे कुठवर जातात हे महाराष्ट्राला माहीत आहे. म्हणून तर २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनासाठी केल्या जाणाऱ्या अघोरी कृत्यांचाही समावेश करावा लागला. पूर्वी मांत्रिक जागा दाखवायचा, आता यंत्र दाखवते. हाव तीच आहे.

कायदा स्पष्ट आहे. १९५८ च्या केंद्रीय कायद्यानुसार संरक्षित स्थळी परवानगीवाचून खोदता येत नाही. ब्रिटनमध्ये तर १९७९ च्या कायद्याने संरक्षित स्थळी लेखी परवानगीशिवाय असे यंत्र फिरवण्यासही बंदी आहे. पण कायदा आहे म्हणून एखादी गोष्ट वाईट ठरत नाही. खरा प्रश्न नीतीचा आहे. पुरणारा मेला, त्याचे वारस कुणाला ठाऊक नाहीत. एखाद्या गरिबाने ते सोने उचलले तर त्याने नेमके कुणाचे लुबाडले?

आमच्यापैकी काहीजण इथे शरीअतचा आधार काढतील. रिकाज, म्हणजे जमिनीत सापडलेले पुरातन धन. त्याचा पाचवा हिस्सा समाजाचा आणि बाकीचे सापडणाऱ्याचे, हे आपण ऐकलेले असते. पण बहुतेक फुकहांनी पुढचा भेदही केला आहे. धनावर इस्लामी काळाची खूण असेल तर ते रिकाज नव्हे, ती लुकता, म्हणजे कुणाची तरी हरवलेली वस्तू. लुकता सापडली तर ती कोणत्या पिशवीत होती, पिशवीची दोरी कशी होती हे आधी ध्यानात ठेवायचे आणि वर्षभर लोकांत पुकारा करायचा, अशी पैगंबरांची शिकवण आहे. आधी ओळख, मग जाहीर करणे, हिश्श्याचा विचार त्यानंतर.

पुरातत्त्वाचा अभ्यासकही याहून वेगळे काय मागतो? नाणे कोणत्या मडक्यात होते, किती खोल होते, शेजारी राख होती की हाडे, हेच तो विचारतो. रात्री यंत्राच्या आवाजावर खड्डा मारून नाणे उपटले की पिशवीही गेली आणि दोरीही गेली. सराफाच्या मुशीत सोने शिल्लक राहते, पण नाण्याजवळची साक्ष नाहीशी होते. निजामशाहीच्या तांब्याच्या नाण्याला तर सराफही विचारत नाही. ते फेकून दिले जाते आणि त्या गावी कुणाचा बाजार भरत होता, हे सांगणारा शेवटचा साक्षीदार जातो.

मराठी मुसलमानांचे नुकसान इथे दुहेरी आहे. आज इतिहास चित्रपटगृहात आणि सभेत ठरवला जातो. अशा वेळी आमचे पूर्वज या मातीत कसे नांदले, कुणाशी व्यवहार करत होते, कुणाच्या शेजारी राहत होते, हे सांगणारा पुरावा बराचसा जमिनीत आहे. आम्ही इथलेच आहोत हे पटवायला आम्हांला भाषणे करावी लागतात. मातीत जागच्या जागी सापडलेल्या नाण्याला ती करावी लागत नाहीत. तो पुरावा हिंदूंनी उकरला काय आणि आम्ही उकरला काय, बुडतो तो दोघांचाच.

मात्र ज्याच्या नांगराला अवचित हंडा लागला, त्या ठाकूर-कातकरी शेतकऱ्याला आणि यंत्र घेऊन रात्री गडावर चढणाऱ्याला एकाच मापाने मोजणे अन्याय होईल. १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन सापडले तर जिल्हाधिकाऱ्याला कळवावे लागते; लपवले तर वर्षापर्यंत कैद. सरकारने ते धन घेतले तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा मिळतो. म्हणजे साक्षीची किंमत सोन्याच्या एक पंचमांश! शिवाय कळवणाऱ्याच्या मनात चौकशीची धास्ती असतेच. इंग्लंडमध्ये १९९७ पासून सापडलेल्या वस्तूंची नोंद करण्याची योजना आहे; तिथे माणूस वस्तू दाखवतो, नोंद होते आणि बहुतेक वस्तू त्याच्याकडेच राहतात. संरक्षित जागेवर बंदी कडक हवी. पण जिथे वस्तू सहज सापडते, तिथे तहसील कचेरीत चोरासारखे उभे राहावे लागणार नाही, हा भरवसाही हवा.

शहापूर तालुक्यातूनच समृद्धी महामार्ग गेला. अशा कामांत यंत्रे डोंगरच्या डोंगर परवान्यानिशी हलवतात. त्या मातीत काय होते हे विचारणारा तिथे कुणी नसेल, तर कुदळवाल्यालाच नीती शिकवण्याचा आपल्याला काय अधिकार?

अमानतीचा नियम दोघांनाही सारखाच लागतो. जमिनीतली वस्तू सापडणाऱ्याच्या हाती येते, सरकारच्या ताब्यात जाते, पण ती काय सांगते हे जाणण्याचा हक्क पुढच्या पिढ्यांचा आहे. तो हक्क बुडवून मिळालेले सोने कायद्याने सुटले तरी हलाल म्हणवणार नाही, असे आम्हांला वाटते.