पायरीचें मोल

जिन्याच्या पायरीला स्वतःचें असें कांहीं मोल असतें कीं नाहीं, हा प्रश्न वरवर पाहतां हास्यास्पद वाटेल. पायरी वर जाण्याकरितां असते. तिच्यावर कोणी बिऱ्हाड थाटीत नाहीं. परंतु जगांत पुष्कळ माणसें, पुष्कळ संस्था आणि कांहीं गांवेंसुद्धां जन्मभर पायरी होऊन राहतात, आणि त्यांच्या आयुष्याचा हिशेब मांडावयास बसलें म्हणजे हा प्रश्न हंसण्यावारी नेतां येत नाहीं. आमच्यापुढें तो उभा राहिला तो एका अगदीं अनपेक्षित निमित्तानें. आमचा एक जुना विद्यार्थी अमेरिकेंतील ऱ्होड आयलंड या चिमुकल्या राज्यांत इंजिनियर आहे. त्यानें गेल्या दिवाळींत आम्हांस एक जाड बाड पाठविलें. तेथील पॉटकेट गांवच्या बेसबॉल संघाचा १९७० पासून २०१९ पर्यंतचा हंगामवार वृत्तांत त्यांत होता : जिंकलेले सामने, हरलेले सामने, क्रमांक, प्रेक्षकांचे आंकडे. सोबतच्या पत्रांत एवढेंच होतें : "सर, आपण वाचाल असें वाटलें." विद्यार्थ्यांचा आमच्या रुचीविषयीं असा समज कां व्हावा हें आम्हांस कळलें नाहीं, परंतु आम्हीं तें बाड वाचलें, आणि दोनदां वाचलें.

बेसबॉलची आमची माहिती बेताचीच आहे. क्रिकेटवर पोसलेल्या माणसाला तो खेळ प्रथम फार घाईचा आणि मग विलक्षण संथ वाटतो. येथें इतकें समजलें म्हणजे पुरे कीं, अमेरिकेंतील तीस बड्या संघांपैकीं प्रत्येकाच्या हाताखालीं लहान गांवांतून कनिष्ठ संघ असतात, आणि ते एकावर एक अशा श्रेणींत लावलेले असतात. पॉटकेटचा संघ ही बॉस्टनच्या 'रेड सॉक्स' संघाची अगदीं वरची पायरी. १९७३ पासून तिच्यावरून टाकलेलें पुढचें पाऊल थेट बॉस्टनच्या अंगणांत पडे, आणि बॉस्टन तेथून अवघें चाळीसेक मैल. खेळाडूंचा करार बॉस्टनशीं, पगार बॉस्टनचा, आणि आज कोणी खेळावें व उद्यां कोणास वर बोलवावें हा हुकूमही बॉस्टनचाच. स्थानिक मालकाच्या वांट्यास मैदान, तिकिटें आणि भुईमुगाच्या शेंगा. ही व्यवस्था दोन महायुद्धांच्या दरम्यान सेंट लुईसच्या संघाचे चालक ब्रँच रिकी यांनीं पद्धतशीर बसविली, आणि तिला लोकांनीं सरळ 'शेत' असेंच नांव दिलें. नांव देणाऱ्याच्या प्रामाणिकपणाची तारीफ केली पाहिजे. शेतांत पिकलेलें धान्य शेताचें नसतें, ही गोष्ट त्यानें लपविली नाहीं.

तें नसतें याचा पुरावा बाडाच्या पहिल्या कांहीं पानांतच मिळतो. १९७४ सालीं जिम राइस नांवाच्या तरुणानें फलंदाजीच्या तिन्ही मुख्य मोजमापांत साऱ्या लीगमध्यें पहिला क्रमांक पटकाविला. त्याच्या बळावर पॉटकेटनें कांहीं तरी करून दाखवावें, तों ऑगस्टमध्यें, हंगाम संपण्यापूर्वींच, बॉस्टननें त्यास उचलून नेलें. त्या वर्षीं पॉटकेटनें जिंकलेल्यांपेक्षां गमावलेले सामने पुष्कळच अधिक भरले. येथें एक चमत्कारिक नियम दृष्टीस पडतो. इतर संस्थांत उत्तम माणूस मिळाला म्हणजे संस्थेचा उत्कर्ष होतो. येथें माणूस जितका उत्तम तितका तो लवकर जावयाचा. आपलें काम जो संघ सर्वांत चोख बजावील, त्याचा तक्ता सर्वांत वाईट दिसण्याचा संभव अधिक !

मनुष्यास केवळ साधन समजूं नये, त्यास स्वतःच एक साध्य मानावें, असें कांट या जर्मन तत्त्ववेत्त्याचें सांगणें आहे. तरुणपणीं आम्ही हें वचन व्याख्यानांतून मोठ्या आवाजांत सांगत असूं. आतां आमच्या ध्यानांत येतें कीं, त्यांतील 'केवळ' या शब्दावर सारा भार आहे. साधन होण्यास कोणाचीच हरकत नसते. आई, शिक्षक, नावाडी, सारीं साधनेंच आहेत. हरकत त्या 'केवळ'ला आहे. आणि कनिष्ठ श्रेणींतील खेळाडूंना बराच काळ 'केवळ' असेंच वागविण्यांत आलें, हेंही बोलून टाकलें पाहिजे. २०१८ सालीं अमेरिकेच्या काँग्रेसनें एक कायदा करून या मुलांना किमान वेतनाच्या संरक्षणांतून बहुतांशीं वगळलें, आणि त्या कायद्याचें नांव काय, तर राष्ट्राचा आवडता खेळ वांचविण्याचा कायदा ! पुढें २०२२ सालीं त्यांनीं युनियन केली व २०२३ मध्यें पहिला सामुदायिक करार मिळविला. शेतांतील पिकानें एकजूट करून भाव ठरविल्याचें हें उदाहरण आम्हांस तरी नवीनच होतें.

परंतु संघाचें काय ? गांवाचें काय ? खेळाडूला निदान वर जाण्याची आशा असते. पायरीला ती कधींच नाहीं.

या प्रश्नाचें उत्तर आम्हांस बाडांतील प्रेक्षकांच्या रकान्यांत सांपडलें. १९७६ च्या सुमारास संघ आर्थिक अडचणींनीं बंद पडण्याच्या बेतांत होता. १९७७ च्या प्रारंभीं बेन मोंडोर नांवाच्या, कापडाच्या धंद्यांतून निवृत्त झालेल्या गृहस्थानें तो हातीं घेतला. त्या वर्षीं संघ गुणतक्त्यांत पहिला आला, आणि साऱ्या हंगामाचे प्रेक्षक भरले सुमारें सत्तर हजार. २००५ सालीं हाच आंकडा पावणेसात लाखांच्या वर गेला. मधल्या काळांत संघानें असें काय जिंकलें म्हणाल, तर १९८४ चा एक करंडक. त्यानंतर थेट २०१२ पर्यंत, म्हणजे अठ्ठावीस वर्षें, एकही नाहीं. करंडक नव्हते त्याच काळांत लोक जवळजवळ दसपट वाढले. यश आणि प्रेम यांचें नातें आपण समजतों तितकें जवळचें नसावें.

लोक कशासाठीं येत ? तिकीट स्वस्त, मैदान स्वच्छ, आणि मालक दारांत उभा राहून नांवानिशीं विचारपूस करणारा, हीं कारणें खरीं आहेतच. पण आम्हांस मोह पडला तो एका लहानशा प्रघाताचा. मॅकॉय मैदानांत खेळाडूंची बसण्याची जागा प्रेक्षकांच्या पायांखालीं, खोल अशी होती. तेव्हां मुलांनीं युक्ति काढली : प्लॅस्टिकची बाटली कापावयाची, तींत चेंडू व लेखणी ठेवावयाची, आणि विहिरींत पोहरा सोडावा तशी ती दोरीनें खालीं सोडावयाची. खालून खेळाडू सही करून देई, मग दोरी ओढून घ्यावयाची. सही करणारा पुढें जगप्रसिद्ध होईल कीं पुढच्या वर्षीं गांवीं परत जाऊन दुकान टाकील, हें त्या घटकेस त्याला ठाऊक नाहीं आणि मुलालाही नाहीं. इतकी निर्हेतुक भेट बड्या संघांच्या मैदानांवर होऊं शकत नाहीं. तेथें सहीची किंमत आधींच ठरलेली असते.

आतां त्या रात्रीविषयीं. १८ एप्रिल १९८१ रोजीं, ईस्टरच्या आदल्या संध्याकाळीं, पॉटकेट आणि रॉचेस्टर यांचा सामना सुरू झाला. बेसबॉलचे डाव नऊ. बरोबरी झाली तर निकाल लागेपर्यंत खेळावयाचें. नऊ डावांअखेर दोघांचीही एकेक धाव. मध्यरात्रीनंतर ठराविक वेळेस नवा डाव सुरू करूं नये असा नियम होता, पण त्या वर्षींच्या पंचांच्या पुस्तकांत तो छापावयाचा राहिला, आणि पुस्तकांत नाहीं म्हणून पंच थांबविण्यास तयार होईनात. (छापखान्याच्या चुकांवर हंसणाऱ्या आमच्या मित्रांनीं हें लक्षांत ठेवावें.) थंडी इतकी कीं, खेळाडूंनीं मोडक्या बॅटी पिंपांत घालून पेटविल्या, वारा असा उलटा कीं, हद्दीबाहेर जाणारे चेंडू तो आंत लोटी. एकविसाव्या डावांत रॉचेस्टरनें एक धाव काढली, तेव्हां साऱ्यांना सुटलों असें वाटलें असेल. तों पॉटकेटच्या वेड बॉग्जनें फटका मारून पुन्हां बरोबरी केली, आणि आनंद मानावा कीं त्याच्यावर रागवावें हें त्याच्या सोबत्यांनाच कळेना. अखेर लीगच्या अध्यक्षांशीं फोनवर बोलणें झालें आणि पहाटे चार वाजून सात मिनिटांनीं, बत्तीस डाव झाल्यावर, खेळ थांबविण्यांत आला. सतराशेंहून अधिक प्रेक्षकांपैकीं तेव्हां एकोणीस उरले होते.

उरलेला खेळ २३ जून रोजीं झाला. बड्या संघांचे खेळाडू त्या वेळीं संपावर होते, म्हणून साऱ्या देशाची दृष्टि या पायरीकडे लागली. तो अवघ्या अठरा मिनिटांत संपला. तेहतिसाव्या डावांत डेव्ह कोझानें चेंडू टोलविला आणि मार्टी बॅरेट धांवत येऊन घरच्या तळावर पोंचला. बॉग्ज आणि बॅरेट पुढच्याच वर्षीं बॉस्टनला गेले. बॉग्जनें तीन हजारांवर यशस्वी फटके मारले व २००५ सालीं त्याची गणना त्या खेळाच्या अमर पुरुषांत झाली. रॉचेस्टरकडून त्या रात्रीं खेळलेला कॅल रिपकेनही २००७ सालीं त्याच मानास पोंचला. कोझा मात्र बड्या संघाकडून एकही दिवस खेळला नाहीं. बेसबॉलच्या ज्ञात इतिहासांतील सर्वांत लांब व्यावसायिक सामना ज्याच्या फटक्यानें संपला, तो पायरीवरच राहिला.

कोझाचें आयुष्य फुकट गेलें काय ? आमचा एक व्यवहारी स्नेही, हें सर्व ऐकून, "गेलें" म्हणाला. त्याचें म्हणणें असें कीं, ज्या गोष्टीसाठीं धडपड केली ती मिळाली नाहीं, तर धडपडीचा गौरव करणें ही पराभूतांची समजूत घालण्याची रीत आहे. या म्हणण्यांत तथ्य नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. उलट, असल्या समजुती मालक लोकांच्या फार सोयीच्या असतात. निष्काम कर्माचा उपदेश ज्याला पगार द्यावयाचा आहे त्यानें करूं नये, असा नियमच पाहिजे. तरीही आम्हांस स्नेह्याचा निर्णय मान्य नाहीं. त्याचें गणित धरलें तर बॉग्जच्या आयुष्यांतलीही ती रात्र फुकटच. कारण ती त्याला वर घेऊन गेली नाहीं, तो वर गेला तो त्याच्या कित्येक हंगामांच्या फलंदाजीवर. त्या रात्रीं थंडींत कुडकुडणाऱ्या दोघांत फरक नव्हता. फरक पुढें, दुसऱ्या कोणी तरी बॉस्टनच्या कचेरींत केला. मागाहून लागलेल्या निकालानें आधींचें जगणें खोटें ठरवावयाचें, हा अधिकार कचेरीला कोणीं दिला ?

गांवाची गोष्ट मात्र इतकी सोपी नाहीं, आणि येथें आम्ही स्वतःच डळमळतों. मोंडोर २०१० सालीं वारले. २०१२ व २०१४ सालीं करंडक आले. २०१५ मध्यें संघ नव्या मालकांकडे गेला. त्यांना नवें मैदान हवें होतें, आणि त्यासाठीं सरकारी पैसा. ऱ्होड आयलंडच्या लोकांना हें मानवेना. २०१० सालीं त्यांच्या सरकारनें एका माजी बेसबॉलपटूच्या व्हिडिओ-खेळांच्या कंपनीस साडेसात कोटी डॉलरांच्या कर्जाची हमी दिली होती; ती कंपनी २०१२ सालीं बुडाली आणि भुर्दंड जनतेवर पडला. दुधानें पोळलेल्या लोकांनीं ताक फुंकून प्यावें यांत गैर काय ? परंतु शेजारच्या मॅसॅच्युसेट्समधील वुस्टर शहरानें हात पुढें केला, आणि २०१८ च्या ऑगस्टमध्यें संघ जाणार असें जाहीर झालें. पॉटकेट हें कापडगिरण्यांचें गांव. १७९३ सालीं उभी राहिलेली स्लेटरची गिरणी, जिच्यापासून अमेरिकेंतील सूतगिरण्यांचा इतिहास सुरू होतो, ती तेथलीच. गिरण्या विसाव्या शतकांत दक्षिणेकडे निघून गेल्या. आतां संघ गेला.

मिलिंद राजाला नागसेनानें रथाविषयीं विचारलें होतें कीं, चाकें म्हणजे रथ, कीं आंस म्हणजे रथ, कीं जूं म्हणजे रथ ? तोच प्रश्न येथें लागू पडतो. खेळाडू दर महिन्यास बदलत, मालक बदलले, १९७६ सालीं संघाचें नांवसुद्धां बदललें होतें. पन्नास वर्षें न बदललेली वस्तु एकच : त्या बाकांवर बसणारें गांव. मालकीचे कागद मात्र त्या गांवाच्या नांवानें नव्हते, आणि वुस्टरला गेला तो कागदावरचा संघ. कायद्यानें हें रास्त, आणि वुस्टरच्या लोकांनींही कांहीं पाप केलेलें नाहीं. तरी ज्यानें रथाला रथपण दिलें त्यालाच रस्त्यांत उतरवून रथ पुढें जातो, तेव्हां कांहीं तरी देणें राहिलें असें आम्हांस वाटतें. किती आणि कोणत्या नाण्यांत, हें मात्र सांगतां येत नाहीं.

आम्ही एका जिल्ह्याच्या गांवीं तीस वर्षें शिकवीत आलों आहों. आमचेही जिम राइस ऑगस्टमध्येंच जातात. कोणी पुण्यास, कोणी मुंबईस, कोणी थेट ऱ्होड आयलंडला. पूर्वीं आम्ही त्याचा अभिमान मिरवीत असूं. मग मधलीं कांहीं वर्षें मनांत खंत होती. हल्लीं आम्ही, जीं मुलें गेलीं नाहींत, त्यांचीं नांवें आठवून पाहतों, आणि आपल्याला तीं कमी आठवतात याची लाज वाटते.

२०२० हा पॉटकेटचा निरोपाचा हंगाम व्हावयाचा होता. महामारीमुळें तो झालाच नाहीं. तेव्हां चालकांनीं हिरवळीवर अंतरा-अंतरानें मेजें मांडलीं, आणि लोक येऊन त्या मैदानांत जेवून गेले. आमचा विद्यार्थीही पत्नी व मुलीसह गेला होता. २०२५ सालीं मॅकॉयचें पाडकाम सुरू झालें. त्या जागीं गांवचें हायस्कूल उभें राहावयाचें आहे. बाड परत पाठवूं काय, असें आम्हीं विचारलें, त्यावर तो लिहितो कीं, नको, आपणांकडेच असूं द्या. मुलीनें दोरीसकट ती कापलेली बाटली ठेवली आहे, आणि चेंडूवर सही कोणाची आहे तें तिला आतां वाचतां येत नाहीं.